पिळदार दंडामागचं दुखणं

आपल्या प्रत्येक गावातली दोन-चार मुलं तरी आज मुंबईत आहेत. कोणी अंधेरीला खोली घेऊन राहतं, कोणी घाटकोपरला, कोणी मुलुंड-बोरिवलीला. त्यातली काही जिममध्ये ट्रेनर आहेत. सकाळ-संध्याकाळ लोकांकडून व्यायाम करून घ्यायचा आणि मधल्या वेळात स्वतःचं शरीर घडवायचं. 'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री' अशा स्पर्धांच्या स्टेजवर उभं राहायचं, हे त्यांचं स्वप्न. पोराचा फोटो मोबाइलवर आला की आपल्यालाही अभिमान वाटतो. वाटायलाच हवा, कारण त्यामागे मेहनत असते.

पण त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे दुखणं. आज त्या दुखण्याबद्दल आणि ते दाबायला घेतल्या जाणाऱ्या औषधांबद्दल बोलू.

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा वजनी गटांत होतात. ५५ किलो, ६० किलो, ६५ किलो असे गट. आपल्या गटात बसायचं आणि एकेक स्नायू वेगळा दिसावा म्हणून चरबी उतरवायची. त्यासाठी तीन-चार महिने मोजून-मापून खाणं, शेवटच्या दिवसांत मीठ-पाणीही कमी, आणि तरीही रोज जड वजनं उचलणं. खांदा, गुडघा, कंबर दुखणारच. त्यात कोणी स्टेरॉइड घेत असेल तर आणखी एक अडचण होते. स्नायू भराभर वाढतो, पण त्याला हाडाशी बांधून ठेवणारी दोरीसारखी कंडरा तेवढ्या वेगानं मजबूत होत नाही. मग ती दुखावते, कधी तुटतेही.

आता दुखलं की काय करायचं? आपण काय करतो ते आठवा. दिवसभर खुरपणी केली, पाठ भरून आली की दुकानातून एक गोळी आणायची, घ्यायची आणि उद्या पुन्हा रानात. ही मुलंही तेच करतात. फरक एवढाच की स्पर्धा जवळ आली की एकीच्या जागी तीन गोळ्या होतात, आणि त्या उपाशी पोटी घेतल्या जातात.

तुम्हाला गिधाडं आठवतात का? पूर्वी मेलेल्या जनावराजवळ थवेच्या थवे उतरायचे. ती दिसेनाशी झाली त्याचं मोठं कारण जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे दुखणं-सूज कमी करणारं औषध होतं. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडाएवढं नाजूक नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आपल्याला ते चालतं. पण या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. त्यात अंगातलं पाणी आधीच आटवलेलं, वर लघवी होण्याच्या गोळ्या घेतलेल्या, मग मूत्रपिंडावर दुहेरी-तिहेरी मार बसतो. पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो तो वेगळाच. ऑस्ट्रियाचा अँड्रियास मुन्झर जगभर नावाजलेला शरीरसौष्ठवपटू होता. त्याच्या शरीरात अनेक औषधं गेलेली होती. १९९६ साली पोटातल्या रक्तस्रावानं दवाखान्यात गेला, मग एकेक अवयव निकामी होत गेला आणि ३१व्या वर्षी तो संपला.

साध्या गोळीनं भागेनासं झालं की पुढची पायरी येते ती ट्रॅमाडॉलसारख्या गोळीची किंवा नालबुफिनसारख्या इंजेक्शनची. ही औषधं अफूच्या गुणाची. ऑपरेशननंतर, मोठ्या दुखण्यात डॉक्टर देतात तेव्हा त्यांचा उपयोगच होतो. पण मनानं घेत राहिलं तर शरीराला सवय लागते. डोस चुकला की अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब होतात, झोप उडते. मग माणूस खांद्यासाठी नाही, तो त्रास टाळण्यासाठी औषध घेतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये स्टेरॉइड घेणाऱ्या व्यायामपटूंना नालबुफिनचं व्यसन लागल्याचं डॉक्टरांनी १९९०च्या दशकातच नोंदवलं होतं. आपल्याकडे ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं.

आता आणखी एका इंजेक्शनचं नाव लक्षात ठेवा: मेफेन्टरमिन. तुमच्यापैकी ज्यांचं सिझेरियन झालं त्यांना पाठीत भूल दिली होती. त्या भुलीनं कधी रक्तदाब एकदम खाली येतो. तो वर आणायला ऑपरेशनच्या टेबलावर, भूलतज्ज्ञ शेजारी उभे असताना, हे औषध देतात. तेच औषध काही मुलं जिममध्ये टोचून घेतात, कारण त्यानं तरतरी येते आणि थकवा जाणवत नाही. पण हृदय धडधडतं, रक्तदाब चढतो. घेत राहिलं तर झोप जाते, संशय येऊ लागतो, नसलेले आवाज ऐकू येतात. पुणे आणि मुंबई परिसरात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनानं याच्या चोरट्या विक्रीवर कारवाया केल्या आहेत. एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचा धोका राहतोच. रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी, नाहीतर दारू. अफूच्या गुणाचं औषध आणि दारू किंवा झोपेची गोळी एकत्र झाली तर झोपेतच श्वास थांबू शकतो.

सगळीच मुलं असं करतात असं मुळीच समजू नका. दूध, अंडी, उसळ खाऊन नेटानं शरीर कमावणारेही पुष्कळ आहेत. पण समजा, दिवाळीला मुलगा घरी आला. रात्रभर जागतो, उगाच चिडतो, शर्टाची बाही खाली ओढून ठेवतो, लघवी गडद होते, पायांवर सूज आहे, बॅगेत सुया आणि छोट्या बाटल्या आहेत. तेव्हा काय करायचं?

पहिलं, आरडाओरडा करून बाटल्या फेकू नका. 'तुला काय दुखतंय?' असं विचारा. बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच झालेली असते. दुसरं, औषध एकदम बंद करायला लावू नका. झोपेची किंवा अफूच्या गुणाची औषधं अचानक सोडली तर त्रास होतो, झोपेच्या गोळीनं तर फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडायची असतात. बाटली आणि पाकीट बरोबर घेऊन सरकारी रुग्णालयात जा, मूत्रपिंडाची आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्या. छातीत दुखलं, रक्ताची उलटी झाली, शुद्ध हरपली तर थांबू नका, १०८ला फोन करा.

बोलायला कोणी हवं असेल तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६. दोन्ही मोफत आहेत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे.

एक काम आपल्या बचत गटासाठी. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन या. कोणती, किती दिवस, कोणी सांगितली म्हणून घेतो, हे आधी आपणच एकमेकींना सांगू. आपली सवय आपण बोलून दाखवली, तर मुंबईहून आलेल्या पोरालाही त्याचं सांगायला जड जाणार नाही. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.