चढाचे सोपे, उताराचे अवघड

चढ-उतार हा शब्द आपण मराठीत फार सढळ हाताने वापरतो. सोन्याच्या भावात चढ-उतार होतात, साहेबांच्या लहरीत होतात, गवयाच्या आवाजात तर ते हवेच असतात. माझ्या वाट्याला मात्र हा शब्द अगदी कोशातल्या पहिल्या अर्थाने आला आहे. डोंगर सायकलने चढायचा आणि त्याच डोंगरावरून सायकलनेच उतरायचे, हा उद्योग मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे २०२२ साली सुरू केला. रस्त्याने नव्हे, पायवाटेने, मुरमातून, दगडधोंड्यांतून.

"रस्ता असताना डोंगरातून कशाला?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की आता मी नुसता हसतो. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ दर आठवड्याला नव्या उत्साहाने विचारतात, "काय, अमेरिका कधी ओलांडताय?" त्यांचाही दोष नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही समुद्रापासून समुद्रापर्यंतची शर्यत जोडीने पुरी केली, तेव्हापासून हेल्मेट घातलेला प्रत्येक इसम लोकांना अमेरिकेच्या वाटेवरचाच वाटतो. माझी अमेरिका वेताळ टेकडीवर सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते.

सायकल साठ हजारांची. हा आकडा घरी सांगताना मी आवाज जरा खाली आणला होता, तरी आईने तो ऐकलाच. "अरे, एवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती, आणि तिला पाय मारावे लागले नसते!" या युक्तिवादाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. पण वस्तू मोठी देखणी. एकोणतीस इंची चाके, अंगठ्याएवढ्या गुठळ्यांचे रुंद टायर, पुढच्या चिमट्याला धक्के पिणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, दोन्ही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक. पुढे दात्यांचे एकच चक्र आणि मागे बारा. त्यांतले सर्वांत मोठे जेवणाच्या वाढपाच्या ताटलीएवढे. ते लावले की भिंतीसारखा चढही चढता येतो, फक्त वेग शेजारून चालणाऱ्या माणसाएवढा असतो. टायरांत ट्यूब नाही. आत दुधासारखा चिकट द्रव ओततात. काटा घुसला की तो भोकाशी धावतो आणि थिजून ते बुजवतो. बाभळी-हिवरांच्या आपल्या मुलखात या दुधाचे उपकार मोठे आहेत. ट्यूब असताना एका सकाळी तीन काटे काढून, तीन ठिगळे लावून मी अकरा वाजता कचेरीत पोचलो होतो.

या खेळाचा जन्म कसा झाला ते सांगितलेच पाहिजे, कारण ती हकीकत माझ्या हकीकतीशी जुळते. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण मंडळी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या जुनाट सायकली भंगारातून मिळवून ट्रकने डोंगरावर नेत आणि खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या वाटेवर पहिली रीतसर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! पेडल उलटे फिरवून लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक त्या उतारावर इतका तापे की त्यातले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक खेपेनंतर नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची हे त्या टोळक्यातले. पुढे त्यांनी याच कामासाठी मुद्दाम सायकली बांधल्या आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन पोचला. लक्षात घ्या, खेळ जन्मला तो उतारावर. चढ मागून आला.

मी मात्र चढाच्याच मागे लागलो होतो.

आमच्याकडे पुण्याच्या पश्चिमेला एका डोंगराच्या कुशीत दर हिवाळ्यात एक हौशी शर्यत होते. साडेतीन-चार किलोमीटरांची एक फेरी, निम्मी चढाची, निम्मी उताराची. अशा पाच फेऱ्या. यात एक नियम आहे, तो मोठ्या स्पर्धांतून आलेला. सर्वांत पुढच्या गड्याला पहिल्या फेरीला जो वेळ लागेल, त्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक मागे तुम्ही पडलात की तुम्हाला थांबवतात. वाट अरुंद, मागून भरधाव येणारे पुढारी आणि रेंगाळणारे आमच्यासारखे एकत्र आले तर दोघांच्याही हाडांची धडगत नाही, म्हणून हा नियम. आमच्या शर्यतीत पुढारी पहिली फेरी चौदा मिनिटांत मारतो. म्हणजे अकरा मिनिटे बारा सेकंद ही माझी लक्ष्मणरेषा. पहिला-दुसरा नंबर ज्यांचा यायचा त्यांचा येवो. आम्हा मागच्या बाकांवरच्या मंडळींची खरी शर्यत त्या अकरा मिनिटे बारा सेकंदांशी असते.

जानेवारी २०२३ मध्ये मी पहिल्यांदा उतरलो. पहिली फेरी एकोणीस मिनिटे, दुसरी वीस. तिसऱ्या फेरीत मागून सारखे आवाज येऊ लागले, "काका, साइड! काका, साइड!" इतक्या पुतण्यांना वाट देता देता मी वाटेत कमी आणि घाणेरीच्या झुडपात जास्त होतो. शेवटी शिट्टी गळ्यात घातलेल्या एका मुलाने अतिशय अदबीने, "काका, आता बसा जरा सावलीत," असे म्हणून माझा नंबर काढून घेतला. ती अदबच जास्त झोंबली.

मग वर्षभर तयारी केली. तयारी म्हणजे रोज उठून जीव काढणे, असा एक समज आहे. तो खरा नाही. आठवड्यातला बराचसा वेळ संथ चालवायची असते. इतकी संथ की शेजाऱ्याशी गप्पा मारता याव्यात. फक्त एखाददुसऱ्या दिवशी सोसेल तितके जोरात. मंगळवारी पहाटे एआरएआयच्या टेकडीचा रस्ता पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत, चार वेळा. शेवटच्या तुकड्यात आपले नाव विचारले तर सांगता येऊ नये. शनिवारी सिंहगडाचा घाट. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतचा तो साडेआठ-नऊ किलोमीटरांचा चढ म्हणजे पुण्याच्या सायकलवाल्यांची सामायिक पट्टी आहे. कुणाचीही योग्यता 'सिंहगड कितीत?' या दोन शब्दांत ठरते. माझा सिंहगड २०२३ च्या फेब्रुवारीत एकसष्ट मिनिटांचा होता.

चढाचा हिशेब मोठा सरळ असतो. तुमचे वजन अधिक सायकलचे वजन, भागिले पायांतली ताकद. एक किलो कमी केले की सिंहगडाच्या घाटात अर्धे ते पाऊण मिनिट वाचते. हे गणित समजल्यावर आमच्या घरातल्या डब्यांवर माझी नजर वेगळी पडू लागली. एक चकली म्हणजे किती सेकंद, असा विचार करणाऱ्या माणसाबरोबर दिवाळी साजरी करणे सौ.ला किती जड गेले असेल, ते तीच जाणे. पण शहात्तर किलोंचा मी एकाहत्तरांवर आलो आणि नोव्हेंबरात सिंहगड एकोणपन्नास मिनिटांत झाला. वर पोचल्यावर झुणका-भाकर आणि मडक्यातले दही यांत मिळवलेले सगळे सेकंद परत जात, हा भाग निराळा.

डिसेंबर २०२३ ची शर्यत. चढावर मी माणसे मागे टाकली! वर्षभरापूर्वी ज्यांनी मला झुडपात घातले होते त्यांतल्या दोघांना मी स्वतः "साइड" म्हणालो. चढ दहा मिनिटांत. आणि मग माथा आला, उतार लागला, आणि तेच दोघे, शिवाय आणखी चौघे, मला ओलांडून दिसेनासे झाले. उताराला मला सात मिनिटे लागत होती, पुढाऱ्याला साडेपाच. चढ अधिक उतार, सतरा मिनिटांची फेरी. दर फेरीला तीन मिनिटांचा तोटा. चौथ्या फेरीअखेर बारा मिनिटे झाली. तोच शिट्टीवाला मुलगा, तीच अदब.

त्या रात्री कागदावर आकडे मांडले तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. चढावर आणखी अर्धे मिनिट मिळवायचे तर आणखी एक वर्ष घाम गाळावा लागला असता. उतारावर मात्र पाऊण मिनिट नुसते पडले होते. त्याला ना घाम लागत होता ना उपास. लागत होती ती छाती, आणि ती दुकानात मिळत नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. जून २०२४, पहिला पाऊस. वरची माती भिजून लोण्यासारखी झालेली, खालचा कातळ तसाच टणक. खाणीच्या बाजूच्या वाटेवर एका वळणात पुढचे चाक गेले आणि पाठोपाठ मी गेलो. पडणारा माणूस हात पुढे करतो. तो धक्का हातातून खांद्यात जातो आणि खांद्याला गळ्याशी जोडणारे बारीक हाड मधोमध मोडते. सायकलवाल्यांचे हे ठरलेले हाड आहे. सहा आठवडे हात गळ्यात. आईने सायकल माळ्यावर चढवायला लावली आणि माळ्याखालची शिडी शेजाऱ्यांकडे पोचती केली. सौ. काही बोलली नाही. शर्टाची बटणे लावून देताना एकदाच म्हणाली, "डाव्या हाताने जेवायला चांगलं जमायला लागलंय तुम्हाला." त्यात रागही होता आणि कौतुकही, कोणते किती, हे मी विचारले नाही.

हाड जुळले. पण सप्टेंबरात पुन्हा टेकडीवर गेलो तेव्हा निराळेच दुखणे कळले. उतार दिसला की दोन्ही हातांची बोटे आपणहून ब्रेक आवळीत, आणि काही केल्या सुटत नसत. मी मनाला समजावी, मन ऐके. बोटे ऐकत नसत. पूर्वी जिथे सायकलवरून उतरत होतो तिथे आता पायउतार होऊन, हातात सायकल धरून, घसरत घसरत खाली येऊ लागलो. तीन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी मी माळ्याचाच विचार करीत परतलो.

चौथ्या रविवारी मुळशीकडच्या एका खेड्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा भेटला. पहाटे दूध घालतो, दुपारी कॉलेजात जातो; आमच्या शर्यतीत तिसरा आलेला. सायकल माझ्या निम्म्या किमतीची. माझे घसरणे त्याने जरा वेळ पाहिले आणि म्हणाला, "काका, तुम्ही दगडाकडं बघता. म्हणून दगडावर जाता. दगडाशेजारच्या वाटेकडं बघा."

एवढेच. पुस्तकांत हे लिहिलेले असते, मी वाचलेही होते. पण तो माझ्यापुढे सायकल घालून दहा वेळा तोच पन्नास पावलांचा उतार उतरला आणि दहाही वेळा त्याने मला मागे यायला लावले. त्याची पद्धत मोठी शहाणी. सीट आधी खाली. पेडलांवर उभे राहायचे, दोन्ही पेडले एका पातळीत, कोपरे बाहेर, बूड मागे. सगळी बोटे ब्रेकवर नकोत, एकेकच पुरे. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर. वळणात शिरले की सोडून द्यायचा. कारण चाकाची जमिनीवरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला उरत नाही आणि मुरूम पाटावर सांडलेल्या ज्वारीसारखा पायाखालून निघून जातो. पुढच्या ब्रेकला मी वैरी समजत होतो. तो म्हणाला, खरा थांबवतो तोच, कारण उतारावर सगळे वजन पुढच्या चाकावर येते. फक्त हळू दाबा, टाळी वाजवल्यासारखा नको. आणि नजर दोन दगड पुढे.

पन्नास पावले झाली, मग शंभर. मधली एक पायरी होती, गुडघ्याएवढी. तिच्यापाशी मी दोन महिने दर रविवारी थांबून मागे फिरत असे. तो कधीही "काही नाही हो, या" असे म्हणाला नाही. "आज नको असेल तर नको," म्हणायचा आणि स्वतः उतरून पुन्हा वर यायचा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी ती पायरी उतरलो. कशी, ते सांगता येणार नाही. खाली आल्यावर कळले की हात थरथरत आहेत आणि ब्रेकवर बोटेच नव्हती.

जानेवारी २०२५. सहा आठवडे बसून राहिल्याचा परिणाम पायांवर होता. सिंहगड त्रेपन्न मिनिटांवर घसरला होता. चढ दहा मिनिटे पंचवीस सेकंद, म्हणजे आधीपेक्षा वाईट. पण उतार सव्वासहा मिनिटांत. फेरी सोळा मिनिटे चाळीस सेकंदांची. चौथ्या फेरीअखेर मी शिट्टीवाल्या मुलासमोरून गेलो तेव्हा त्याने घड्याळ पाहिले, तोंडातली शिट्टी काढली आणि हाताने पुढे जा अशी खूण केली. पुढाऱ्यामागे दहा मिनिटे चाळीस सेकंद. बत्तीस सेकंद शिल्लक!

पाचव्या फेरीत माथ्यावर मी एकटाच होतो. पुढारी केव्हाच पोचून केळी खात बसले होते. धूळ खाली बसली होती, वाट स्वच्छ दिसत होती. अडतीस जणांत माझा नंबर एकतिसावा आला. दूध घालणारा तो मुलगा दुसरा आला आणि बक्षिसात त्याला हेल्मेट मिळाले. त्याचे जुने तडकलेले होते, म्हणून ते त्याने लगेच डोक्यावर चढवले आणि चहाच्या टपरीवर तसाच बसला.

सायकल आता माळ्यावर नसते, गॅलरीत असते. शिडी मात्र आईने अजून परत आणलेली नाही.