अंकांचा रकाना अपुरा पडतो तेव्हा...

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेल्या दिवेआगरचा ताम्रपट मराठीच्या आरंभकाळातील लेखांत गणला जातो. तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा आहे. त्यानंतर अवघ्या १८ वर्षांनी शके १००० उजाडले आणि तीन अंकी शक चार अंकी झाला. तांब्यावर किंवा दगडावर कोरणाऱ्याला त्याची अडचण नव्हती. त्याने आणखी एक अंक कोरला की काम भागत असे. संगणकाला मात्र ही मुभा नसते. त्याच्या रकान्याची रुंदी आधीच ठरलेली असते आणि संख्या त्यात मावली नाही, तर तो बहुधा तक्रारही करीत नाही. मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. या प्रकाराला 'इंटिजर ओव्हरफ्लो', म्हणजे पूर्णांकाचे ओसंडणे, असे म्हणतात.

बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत पूर्णांकासाठी ३२ बिटांचा रकाना सर्रास वापरला जातो. धन आणि ऋण अशा दोन्ही संख्या ठेवायच्या असल्यास त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ असते. तीत एक मिळवला की जुन्या मोटारीचा किलोमीटर दाखविणारा काटा ९९९९९ वरून शून्यावर यावा, तसे काहीसे घडते. फरक इतकाच, की येथे उत्तर शून्यावर न येता थेट उणे २ अब्ज १४ कोटींच्या घरात जाते.

व्यवहारात इतकी मोठी संख्या येतेच कुठे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई शेअर बाजारात 'एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स'चा भाव विशेष लिलावात ३ रुपये ५३ पैशांवरून एकदम २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. एखाद्या आज्ञावलीने भाव रुपयाच्या दहा हजाराव्या भागात मोजून अशा रकान्यात ठेवला असता, तर ही संख्या २३६ कोटींवर जाऊन रकान्याबाहेर पडली असती. अमेरिकेतील नॅसडॅक बाजाराने मे २०२१ मध्ये याच जातीची अडचण अनुभवली. तेथे डॉलरचे दहा हजार भाग करून भाव ३२ बिटांत ठेवला जात असे. ऋण संख्यांची गरज नसल्याने मर्यादा दुप्पट होती. तरीही बर्कशायर हॅथवेच्या 'अ' वर्गातील समभागाचा भाव ४ लाख २९ हजार डॉलरच्या मर्यादेला भिडू लागला आणि त्याचे प्रक्षेपण काही काळ थांबवावे लागले.

तज्ज्ञांच्याही नजरेतून सुटलेली चूक

एका आज्ञावलीतील अशी चूक तिच्यापुरती राहते. भाषेच्या मूळ लायब्ररीत, म्हणजे सर्वांनी विश्वासाने वापरावयाच्या तयार संचात, ती शिरली तर असंख्य आज्ञावल्या सदोष होतात. जावा भाषेत हेच घडले. क्रमवार यादीत एखादी नोंद शोधताना प्रत्येक वेळी यादीचा मध्य काढावा लागतो. त्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागण्याची रीत होती. टोके ११० कोटी आणि १२० कोटी असतील, तर मध्य ११५ कोटी यावा. परंतु २३० कोटींची बेरीज रकान्यात मावत नाही आणि उत्तर येते उणे ९९ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८!

जावातील हा भाग लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ही चूक जाहीरपणे मांडली. तोवर ती सुमारे नऊ वर्षे लायब्ररीत होती. जॉन बेंटली यांच्या १९८६ च्या प्रसिद्ध पुस्तकात जी रीत बरोबर असल्याचे सिद्ध करून दाखविले होते, तीतही हाच दोष होता. उपाय अगदी साधा आहे: आधी दोन टोकांतील अंतर काढावे, ते निम्मे करावे आणि खालच्या टोकात मिळवावे. १० कोटींचे निम्मे ५ कोटी. ११० अधिक ५ म्हणजे ११५. गणित तेच राहते, पण कोणतीही पायरी रकान्याबाहेर जात नाही.

मेमरी मागताना झालेली चूक याहून घातक ठरते. ३२ बिटांच्या यंत्रणेत प्रत्येकी ४ बाइटच्या १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२५ नोंदींसाठी जागा मागितली, तर गुणाकार ओसंडून शिल्लक उरतात फक्त ४ बाइट. शंभर पोत्यांचे कोठार समजून एका पोत्याच्या खोलीत माल लोटावा, तशी आज्ञावली शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटते. घुसखोर नेमकी हीच फट शोधतात. सी भाषेच्या अनेक लायब्ररींतील 'कॅलॉक' या सुविधेत असा दोष असल्याचे २००२ मध्ये उघड झाले होते.

तपासणी आधी, गणित नंतर

यावरचा पहिला नियम असा, की आधी तपासावे, मग गणित करावे. बेरीज करण्यापूर्वी कमाल मर्यादेतून एक संख्या वजा करावी. दुसरी संख्या त्याहून मोठी असेल, तर थांबावे. गुणाकारात मर्यादेला एका संख्येने भागून तीच तुलना करावी. सी भाषेत आधी बेरीज करून 'उत्तर लहान आले का' असे पाहणे फसवे ठरते. चिन्हयुक्त संख्या ओसंडल्यास काय व्हावे, हे त्या भाषेचे प्रमाण सांगतच नाही. त्यामुळे 'असे घडणारच नाही' असे गृहीत धरून कंपायलर ती तपासणी गाळून टाकू शकतो.

हा भार एकट्या प्रोग्रामरवर राहू नये, म्हणून भाषाही पुढे सरसावल्या. २०१४ च्या जावा ८ मध्ये उत्तर मावले नाही तर उघडपणे त्रुटी कळविणारी बेरीज आली. सी भाषेच्या 'सी-२३' या प्रमाणातही तपासून करावयाच्या बेरीज-गुणाकाराची सोय आहे. पायथॉनमध्ये पूर्णांकाचा रकाना गरजेनुसार वाढतो. मात्र त्यासाठी वेगाची किंमत मोजावी लागते. रस्ट भाषेची मूळ लायब्ररी निवड स्पष्ट करावयास लावते: 'चेक्ड' रीत उत्तर नाही असे सांगते, 'सॅच्युरेटिंग' कमाल मर्यादेवरच थांबते, 'रॅपिंग' जाणूनबुजून फिरून येते, तर 'ओव्हरफ्लोइंग' फिरून आलेल्या उत्तरासोबत इशाराही देते. पैशांच्या हिशेबाला पहिली रीत योग्य, चित्राच्या उजळपणाला दुसरी. रस्टमधील साधी बेरीज मात्र चाचणीच्या वेळी थांबते आणि अंतिम आवृत्तीत, वेगळी सूचना नसल्यास, फिरून येते. म्हणून तेथेही सावधगिरी हवीच.

या दक्षतेची पुढची मोठी कसोटी ठरलेली आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या यंत्रणांचा रकाना १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्याच सेकंदाला त्यांचे घड्याळ १९०१ साल दाखवू लागेल. ६४ बिटांच्या रकान्याने हा प्रश्न सुटतो आणि बहुतेक नव्या यंत्रणा त्या मार्गाने गेल्याही आहेत. उपकरणांत वर्षानुवर्षे दडून बसलेल्या जुन्या आज्ञावल्या मात्र त्यापूर्वी शोधून काढाव्या लागतील.