आजी जेवत नाही तेव्हा

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर आमच्यातली एक हळूच म्हणाली, "आजेसासू चार दिवस काही खात नाही. शेजारी बोलतात, सुनांनी म्हातारीला उपाशी ठेवली." वही मिटली, कारण हे बोलणं ऐकून घेतलेल्या आम्ही आणखी चार-पाच जणी होतो. म्हणून आज याच्यावरच बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे, म्हातारं माणूस जेवेना झालं की आधी डॉक्टरांना दाखवायचं. तोंड आलेलं असतं, पोट साफ नसतं, एखादं औषध सोसत नाही. यातलं बरंच काही बरं होतं. पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता शरीर थकलंय, दिवस थोडे आहेत, तर मग भूक जाणं हा त्याचाच भाग असतो. आतली कामं मंदावली की शरीर अन्न मागत नाही. जेवली नाही म्हणून आजी चालली, असं नसतं. ती चालली म्हणून जेवण सुटलेलं असतं.

आम्ही हे चुकून शिकलो. आमच्या घरी आजीला चमच्याने पेज भरवत होतो. गिळता येत नव्हतं, तरी "दोनच घास" म्हणत भरवली. ठसका लागला आणि रात्रभर छाती घरघरत राहिली. गिळायची ताकद गेली की पेज असो, नाहीतर तुळशीचं पाणी, ते श्वासनळीत उतरतं. आजी जागी असेल, मागत असेल, गिळत असेल तर थोडं थोडं द्यावं. नाहीतर स्वच्छ सुती फडकं ओलं करून ओठ आणि जीभ पुसायची, ओठांना तूप लावायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

शेवटी श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. हातपाय गार पडतात. हे आधी माहीत असलं की घाबरगुंडी होत नाही. दुखणं मात्र सोसायला लावू नका. कर्करोगासारख्या दुखण्यात डॉक्टर मॉर्फिन देतात, त्याने आराम पडतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून अशाच रुग्णांना सांभाळतं.

आमच्या गावठाणात घरावर घर चढलंय, जिना एका माणसापुरता. त्यामुळे दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, हे डॉक्टरांशी बोलून आणि आजीला शुद्ध असेपर्यंत तिलाच विचारून ठरवा. मध्यरात्री चौघं मिळून तिला खाली उतरवताना ठरवू नका.

आणि खाटेशेजारी भांडू नका! डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असू शकतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू अखेरच्या तासांतही आवाज टिपत होता. आमची आजी खाडीच्या मासळीवर वाढलेली. बाजारातून आलं की तिच्या कानाशी सांगायचो, आज बोंबील आले, कोळंबी महागली. मुलांनाही जवळ बसू द्यायचो. रात्रीच्या पाळ्या नातवांनीही केल्या, सगळं सुनेवर टाकलं नाही. गटानेही ठरवलंय, की घरात असं आजारपण असेल तर बैठकीच्या गैरहजेरीचा दंड नाही.

कागदाचंही सांगतो. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला घ्या आणि 21 दिवसांच्या आत नोंद करा. नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय ना, ते बघून घ्या. पुढे वारसाच्या कामात एका अक्षरासाठी खेटे पडतात.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या मैत्रिणीकडे गेलो. तिच्यासोबत आजीचे ओठ ओले केले. थोड्या वेळाने बोलणारी शेजारीणच दारात आली, हातात पेजेची वाटी. आम्ही वाटी बाजूला ठेवली, तिला खाटेजवळ बसवलं आणि ओलं फडकं तिच्या हातात दिलं.