भागीदारीचा धंदा (लेखांक ६) : आधी वही, मग सही

गेल्या आठवड्यात आपण दोघांच्या भागीदारीचा करारनामा कलमवार वाचला. आता त्या दोघांना तिसरा हवा आहे, असं धरू. दुकान तालुक्याच्या गावी, हार्डवेअर आणि पाइपांचं. शेजारचा गाळा विकायला निघालाय, बँकेचं आणखी कर्ज नको, आणि ओळखीतला एक जण भांडवल घेऊन यायला तयार आहे. बहुतेक ठिकाणी यापुढचं सगळं झटपट उरकतं. रक्कम ठरते, सीए मसुदा करतो, मुहूर्त बघून सह्या होतात. वह्या मात्र नवा माणूस सह्या झाल्यावर उघडतो. पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ तिथेच असतं, असं माझं ठाम मत आहे.

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यातलं ३१ वं कलम म्हणतं की, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. एवढी कडक अट का? कारण प्रत्येक भागीदार फर्मचा प्रतिनिधी असतो. त्यानं धंद्यासाठी उधारीवर माल उचलला तर ते देणं सगळ्यांचं होतं. फर्मकडे पैसे नसले तर घेणेकरी कोणाही एका भागीदाराच्या खासगी मालमत्तेतून पूर्ण रक्कम मागू शकतो.

त्याच कलमात नव्या माणसाला दिलासाही आहे. तो येण्यापूर्वीच्या व्यवहारांची जबाबदारी त्याच्यावर नाही. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. जुनी देणी त्याची नसली, तरी त्यानं आणलेली रक्कम फर्मच्या खात्यात पडताच तीच देणी फेडण्यात जाऊ शकते, आणि गाळा राहतो बाजूला. म्हणून सह्यांआधी तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं, कॅश क्रेडिटचं मंजुरीपत्र आणि थकलेल्या उधारीची यादी त्याच्यापुढे ठेवावी. वहीत नसलेलंही सांगावं: मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, कुणासाठी तरी राहिलेला जामीन, कपाटात पडून असलेली कराची नोटीस. नवा माणूस बिचकेल, अशी जुन्यांना भीती वाटते. बिचकला तर बिचकू द्यावा. सहा महिन्यांनी वसुलीवाला दारात आल्यावर त्याला हे कळलं, तर तो रकमेपेक्षा लपवाछपवीनं दुखावतो, आणि तो राग हिशेबानं निघत नाही.

घरच्या मुलाचं मात्र उलटं असतं. अज्ञान मुलाला भागीदारीच्या फायद्यात घेतलेलं असेल, तर सज्ञान झाल्यावर किंवा ही गोष्ट कळल्यावर, जे नंतर घडेल तेव्हापासून, सहा महिन्यांत त्यानं जाहीर नोटीस देऊन भागीदार होणार की नाही ते कळवायचं असतं. तो गप्प राहिला तर आपोआप भागीदार होतो, आणि त्याला फायद्यात घेतलं त्या दिवसापासूनच्या देण्यांना जबाबदार ठरतो. परक्याला जे संरक्षण, ते पोटच्या पोराला नाही. कितीतरी वडिलांना हे ठाऊकच नसतं, आणि त्याची फार हळहळ वाटते.

आता किमतीकडे वळू. बारावीच्या पुस्तपालनात ‘भागीदाराचा प्रवेश’ हा धडा असतो. तो परीक्षेपुरता घोकला जातो, पण त्यातला न्याय पाहण्यासारखा आहे. दुकानाची जागा वीस वर्षांपूर्वीच्या भावानं वहीत असेल, तर तिची वाढलेली किंमत जुन्या दोघांची कमाई आहे. तसाच गोदामात गंजलेला मालही त्यांचाच तोटा. म्हणून पुनर्मूल्यांकन करून फरक जुन्या प्रमाणात जुन्यांच्या भांडवल खात्यात टाकायचा, आणि मग नव्याला आत घ्यायचं. ख्यातीचंही तसंच. दोघं निम्मे-निम्मे वाटेकरी आहेत आणि तिसऱ्याला एक पंचमांश हिस्सा द्यायचाय, असं समजा. दुकानाच्या नावाची किंमत १० लाख ठरली, तर तिसऱ्यानं भांडवलाशिवाय २ लाख आणायचे आणि ते दोघांनी एकेक लाख वाटून घ्यायचे, कारण दोघांनीही आपल्या वाट्यातून एकेक दशांश सोडलेला असतो.

हे प्रमाण करारनाम्यात स्पष्ट लिहा. हिश्शाबद्दल काहीच ठरलेलं नसेल, तर कायदा नफा-तोटा समान वाटतो. मग ज्याला तुम्ही एक पंचमांश समजत होता, तो एक तृतीयांशाचा धनी होतो. पगाराचंही तेच. ठरलेला नसेल तर काम करणाऱ्या भागीदाराला कायद्यानं मेहनताना मागता येत नाही.

कागदपत्रं सीए करून देईल: नवा करारनामा, बँकेत नव्या सह्या, जीएसटी नोंदणीत १५ दिवसांत बदल, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद. यातली शेवटची टाळू नका. रजिस्टरात नाव नसलेल्या भागीदारामुळे उधारीच्या वसुलीचा दावा अडकू शकतो.

त्यानंतरचं काम सीएच्या हातात नाही. नव्या भागीदाराला घाऊक व्यापाऱ्यांकडे स्वतः घेऊन जा. गल्ल्यावर कोण बसणार, उचल किती आणि कोणत्या रकमेपुढची खरेदी तिघांना विचारून करायची, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. जुन्या नोकरांनाही ते तिघांसमोर सांगा, नाहीतर ते नव्याचं ऐकून जुन्याला विचारायला जातात. पहिले काही महिने दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर तिघांनी मिळून रोकड, येणं आणि देणं पाहावं. वह्या तपासण्याचा हक्क कायद्यानं प्रत्येक भागीदाराला आहेच, पण नव्याला तो मागायला लावू नये.

पुढच्या लेखांकात भागीदार बाहेर पडतो तेव्हाचा हिशेब पाहू.