हापशाचा धडा

पंढरपूर तालुक्यात भीमेच्या पाण्यापासून दूर वसलेल्या वाड्यावस्त्यांना अनेक वर्षे विंधन विहिरीवरील हापशाचाच आधार होता. हा हापसा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. सार्वजनिक खरेदीचा मोठा धडा मात्र त्यातच आहे.

पूर्वीचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते होते. गावभरच्या वापरात ते टिकेनात. त्यावर उपाय म्हणून सोलापुरात पोलादी बांधणीचा, साखळी व बंदिस्त बेअरिंग असलेला पंप तयार झाला. १९७० नंतरच्या दशकात केंद्र सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी त्याच्या आधारे ‘इंडिया मार्क २’ सिद्ध केला. त्याचा आराखडा सर्वांना खुला राहिला. १९७९ मध्ये भारतीय मानकही निघाले. अनेक कारखाने तोच पंप बनवू लागले आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला.

परंतु खुला आराखडा म्हणजे फुकटचा सौदा नव्हे. जो पंप कोणीही बनवू शकतो, त्यात कोणीही हलका माल घालू शकतो. म्हणूनच कारखान्यात जाऊन माल तपासण्याची व्यवस्था युनिसेफला उभारावी लागली. शिवाय मार्क २ चा दट्ट्या दुरुस्त करायचा तर सारे नळ वर ओढावे लागत. त्यासाठी हत्यारे, वाहन आणि शिकलेले पथक हवे. पुढच्या मार्क ३ मध्ये नळ रुंद केल्याने दट्ट्या तेवढा वर काढता येऊ लागला. नळाचा खर्च वाढला. दुरुस्ती मात्र गावाच्या आवाक्यात आली.

आज पंचायती व नगरपालिका संगणकप्रणाली, जलमापके, सौरपंप घेतात, तेव्हा हाच हिशेब मांडावयास हवा. बंदिस्त यंत्रणा घेतली, तर प्रत्येक दुरुस्तीसाठी विक्रेत्याचे दार ठोठवावे लागते. खुली घेतली, तर तपासणीचा व प्रशिक्षणाचा भार आपल्यावर येतो. खर्च दोन्हीकडे आहे. पण पहिला दुसऱ्याच्या मर्जीवर वाढतो, तर दुसऱ्यातून गावात कसब उरते.

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून स्वस्थ बसणे, ही काटकसर नव्हे. आराखडा कोणाचा, सुटे भाग कोठे मिळणार आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद किती, या तीन प्रश्नांची उत्तरे निविदेतच मागितली पाहिजेत. ती मागितली नाहीत, तर वाचलेल्या पैशांची किंमत कोरड्या हापशापाशी घागरी घेऊन ताटकळणाऱ्या बायाबापड्या मोजतील.