अर्ध्या मैलाचा हिशेब

समजा, रत्नागिरीहून उत्तरेला निघालेलं जहाज पहाटे मुंबईबाहेरून चाललंय. वेग १२ नॉट. टेबलावर चार्ट, मऊ पेन्सिल, खोडरबर, समांतर पट्टी आणि डिव्हायडर. जहाज कुठे आहे ते शोधायला एवढं साहित्य पुरतं.

आधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा निवडायच्या, चार्टवरही छापलेल्या. एक, १८६७ पासूनचं खांदेरीचं दीपगृह. दुसरी, कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज. दिव्याची उघडझाप घड्याळ लावून चार्टवरच्या नोंदीशी ताडायची, म्हणजे भलताच दिवा धरला जात नाही. मग होकायंत्रावरून दिशा घ्यायची. होकायंत्राची चूक काढून टाकल्यावर प्राँग्ज ०३८ अंशांवर आलं, खांदेरी १३० वर.

चार्टवर अंशांचं गोल चक्र छापलेलं असतं. पट्टीची कड त्याच्या मध्यावर आणि ०३८ वर टेकवायची. मग पट्टी कोन न बिघडवता सरकवत प्राँग्जपर्यंत न्यायची आणि तिथून समुद्राकडे रेघ ओढायची. जहाज याच रेघेवर कुठेतरी आहे. खांदेरीची रेघ तिला जिथे छेदते, तिथे जहाज. दोन्हींत जवळजवळ काटकोन आहे, त्यामुळे छेद नेमका मिळतो. त्याभोवती वर्तुळ काढून वेळ लिहायची: ०६००. तिसरी खूण घेतली तर तीन रेघांचा छोटा त्रिकोण होतो. तो मोठा झाला, तर कुठेतरी चुकलंय; दिशा पुन्हा घ्यायच्या.

आता पुढचा मार्ग. सरळ उत्तरेला, ००० अंश. अर्ध्या तासात ६ सागरी मैल. डिव्हायडर चार्टच्या बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर, जहाजाच्याच पातळीला उघडायचा. तिथे १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १,८५२ मीटर. खालच्या रेखांशाच्या पट्टीवर अंतर कधीच मोजायचं नाही. मुंबईजवळ तिथलं मिनिट सुमारे १,७५० मीटरचंच भरतं. ६ मैलांवर अंदाजाची खूण करायची: ०६३०.

साडेसहाला पुन्हा दिशा घेतल्या. वर्तुळ आलं अंदाजाच्या खुणेपासून अर्धा मैल पूर्वेला. म्हणजे पाणी जहाजाला ताशी एक मैल किनाऱ्याकडे ओढतंय. ओढ तशीच राहणार असं धरलं, तर नाळ ५ अंश पश्चिमेला वळवायची, ३५५ वर. मग जहाज उत्तरेची रेघ धरतं.

जीपीएसचा आकडा समोर असतानाही अंदाजाची खूण आधी करावी, ती यासाठी. अंदाज मांडलाच नसेल, तर समुद्रानं किती ओढलं ते कशावरून मोजणार?