एक सांगाडा, चार काडतुसे

शिकारी रायफलचे कॅलिबर बदलायचे म्हणजे नळी आतून थोडी रुंद करून घ्यायची, असा समज परवानाधारकांतही आढळतो. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतणारा आहे. नळीचे भोक हा या कामाचा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी मेख असते ती काडतुसाच्या बुडापाशी. हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. ली-एनफिल्ड या एकाच रायफलच्या सांगाड्यावर आपल्याकडे .३०३, .३१५, .४१० आणि ७.६२ मि.मी. अशी चार निरनिराळी काडतुसे चालली. प्रत्येक वेळी काय बदलावे लागले ते पाहिले की सगळा विषय उलगडतो.

मुळात शिकाऱ्याला दुसरे कॅलिबर हवेच कशाला? जनावर मोठे किंवा लहान, हे एक कारण. पण हिंदुस्थानात या बदलांमागे सरकारी हुकूम जास्त होता. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून ब्रिटिशांनी १९०७ च्या सुमारास .४५० कॅलिबरच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. हत्ती-गव्यांच्या शिकारीची चांगली चाललेली रायफल एका फटक्यात बाद झाली. इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची कॅलिबरे पुढे केली. त्यातली .४७० तर आजही आफ्रिकेत मोठ्या जनावरांसाठी वापरली जाते.

हाच न्याय .३०३ ला लागला. ते लष्कराचे काडतूस, म्हणून सामान्य नागरिकाला मनाई. पण ली-एनफिल्डचा सांगाडा मजबूत, कारखान्यांच्या हातातला आणि सगळ्यांच्या परिचयाचा. तेव्हा सांगाडा तोच ठेवून त्यात ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर रायफलचे ८ मि.मी.चे काडतूस बसवले गेले. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानसाठी अशा रायफली बनवल्या. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने त्या बनवल्या. शेताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली .३१५ ची रायफल ती हीच. ०.३१५ इंच म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर.

आता आकडे समोर ठेवू. .३०३ ची गोळी सुमारे ७.९ मि.मी. जाडीची, .३१५ ची सुमारे ८.२. म्हणजे फरक तीन दशांश मिलिमीटरचा. मग .३०३ ची नळी तेवढी रुंद केली, आतले पेच पुन्हा कापले, तर झाले? नाही होत. गोळी पितळी पुंगळीत बसलेली असते आणि पुंगळी नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये. .३०३ ची पुंगळी ५६ मि.मी. लांब आणि अंगाने सडपातळ. .३१५ ची ५० मि.मी. लांब, पण बुडाशी जाड. जुन्या चेंबरचा मागचा भाग कापून जाड पुंगळीला जागा करता येईल. पण पुढचा भाग आधीच गरजेपेक्षा लांबवर रुंद कोरलेला आहे, त्याचे काय? धातू कापता येतो, परत भरता येत नाही. बार उडताना पितळ त्या मोकळ्या जागेत फुगते आणि फाटते. म्हणून इथे नळीच नवी लागते. मोठ्या काडतुसाकडे जाताना नवे चेंबर जुन्याला सगळीकडून गिळून टाकत असेल, तरच जुनी नळी कामी येते.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिला हेडस्पेस म्हणतात. बोल्ट म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा; तो बंद केल्यावर त्याचा चेहरा आणि काडतूस जिथे अडते ती जागा, यांच्यातले हे अंतर. .३०३ आणि .३१५ या दोन्हींच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. डब्याचे झाकण काठावर टेकावे तशी ही कडा चेंबरच्या तोंडाशी टेकते आणि काडतूस पुढे जायचे थांबते. .३०३ ची ही कडा जेमतेम दीड मिलिमीटरच्या वर जाड. अंतर तेवढ्याचेच हवे, वर केसभर मोकळीक. मोकळीक जास्त झाली तर बार उडताना पुंगळीचे पुढचे अंग चेंबरच्या भिंतीला चिकटून बसते आणि बूड मागे रेटले जाते. पितळ मधल्या मध्ये ताणले जाते. उडालेली पुंगळी उजेडात धरून पाहावी: बुडाच्या किंचित वर सभोवार चकाकणारी बारीक रेघ दिसली, तर पितळ तिथे पातळ झाले आहे. त्याच जागी पुढचा एखादा बार पुंगळीचे दोन तुकडे करतो आणि जळता वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

ली-एनफिल्डमध्ये बोल्टचे पुढचे डोके वेगळे आणि स्क्रूने बसणारे असते. नंबर ४ या नमुन्यासाठी तर ० ते ३ अशा क्रमांकांची, जरा जरा वाढत्या लांबीची डोकी मिळत. हेडस्पेस ढिले झाले की डोके बदलायचे. ही सोय फार शहाणपणाने केलेली आहे. मात्र हे काम अंदाजाने होत नाही, ठरलेल्या मापाच्या पोलादी गेजने तपासूनच होते.

७.६२ च्या वेळी पेच आणखी वाढला. नाटो देशांनी स्वीकारलेल्या या काडतुसाला बाहेर आलेली कडाच नाही. ते बुडाने अडत नाही, पुंगळीच्या खांद्याने अडते. त्यामुळे चेंबर वेगळे, बूड पकडून पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर वेगळा, मॅगझिन वेगळे. शिवाय गोळी सुमारे ७.८ मि.मी.ची, म्हणजे .३०३ पेक्षा बारीक. जुन्या नळीत ती पेचांना धड पकडणारच नाही. इथे नळी बदलण्यावाचून मार्गच नव्हता.

त्याहून मोठा प्रश्न दाबाचा. युरोपीय मानकात .३०३ चा कमाल दाब ३६५ मेगापास्कल धरतात, ७.६२ च्या जुळ्या नागरी काडतुसाचा, .३०८ विंचेस्टरचा, ४१५. त्यातही ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. जर्मन माउझर रायफलसारखा तो चेंबरच्या लगेच मागे, पुढच्या दोन कानांवर बंद होत नाही. त्यामुळे प्रत्येक बाराला बोल्ट आणि सांगाडा दोन्ही किंचित ताण खातात. ईशापूरने साठच्या दशकात ७.६२ ची २ए ही रायफल काढली. ती जुन्या .३०३ चे चेंबर बदलून केली, असे पुष्कळ लोक मानतात. ते खरे नाही. सांगाड्याचा आकार जुन्या नमुन्याचा होता, पण पोलाद अधिक चांगल्या प्रतीचे आणि रायफल नवी घडवलेली. माझ्या मते त्या कारखान्याचा सर्वांत योग्य निर्णय हाच. ब्रिटिशांनी मात्र जुन्या नंबर ४ स्नायपर रायफलींना जाड नवी नळी, नवा एक्स्ट्रॅक्टर आणि नवे मॅगझिन लावून १९७० मध्ये एल४२ए१ उभी केली. तिथे जुना सांगाडा चालला, कारण नंबर ४ चा सांगाडा मूळचाच जास्त भक्कम, आणि काम झाले ते सरकारी कारखान्यात.

.४१० ची कथा उलट दिशेची. ब्रिटिश काळात जुन्या .३०३ रायफलींच्या नळीतले पेच काढून ती गुळगुळीत केली, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवला आणि एका वेळी एकच काडतूस भरता येईल असे हत्यार पोलिसांना व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिले. काडतूस .३०३ च्याच पुंगळीचे, पण मान न आवळलेले. बूड तेच, म्हणून बोल्टला हात लावावा लागला नाही. हत्यार मुद्दाम दुबळे करण्यासाठी केलेला बदल होता तो.

बूड सारखे असले की काम किती हलके होते, याचे उत्तम उदाहरण माउझरचे. ७.९२ मि.मी.ची माउझर आणि ७.६२ नाटो यांच्या काडतुसांच्या बुडाचा व्यास जवळजवळ एकच, साधारण १२ मि.मी. इस्रायलने आपल्या जर्मन माउझर रायफलींना ७.६२ च्या नळ्या बसवल्या, तेव्हा बोल्टचा चेहरा तसाच राहिला. आणि चुकीचे काडतूस कोणी भरू नये म्हणून लाकडी दस्त्यावर ७.६२ हा आकडा ठळक डागला. हा आकडा डागणे नळी बदलण्याइतकेच गरजेचे काम आहे.

नेमाची पट्टीही बदलावी लागते, कारण गोळीचा वेग आणि वजन बदलले की तिचा मार्ग बदलतो. शेवटी येते प्रूफ, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून केलेली परीक्षा. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के इंग्लिश रायफलींच्या नळीवर दिसतात ते यासाठीच. नळी किंवा चेंबर बदलले की जुन्या शिक्क्यावर विसंबता येत नाही.

आपल्याकडे आजोबांची रायफल वारशाने येते, तिची काडतुसे बाजारात मिळत नाहीत, आणि मग कोणीतरी ओळखीच्या लेथवाल्याचे नाव सुचवतो. त्या वाटेला जाऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे हत्यारात असा बदल करण्याचे काम परवानाधारक कारागिरालाच करता येते. एका वर्गातले हत्यार दुसऱ्या वर्गात नेण्यालाही स्वतंत्र परवाना लागतो, आणि .३०३ सारखे कॅलिबर तर निषिद्ध बोअरमध्ये मोडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून शिकारीसाठी कॅलिबर निवडण्याचा प्रश्नही उरलेला नाही. अशा रायफलीबाबत आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेत अर्ज करा.

आणि ज्यांच्याकडे .३१५ आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसावर केएफ या अक्षरांसोबत ८ मि.मी. असा आकडा असतो. ते .३१५ चेच काडतूस. पण ८ मि.मी. माउझर नावाचे दुसरे, जास्त दाबाचे काडतूसही जगात आहे, आणि ते या रायफलीसाठी नाही. कोणी जुना साठा देऊ केला तर आधी बूड पाहा: बाहेर आलेली कडा नसेल, तर ते काडतूस परत करा.